जगदाळे सरांचा पहिला भाग

जगदाळे सरांच्या स्पॅनिशच्या वर्गाला पहिला धडा नव्हता. दुसराही नव्हता. नववीतलं पोर जूनमध्ये पहिल्यांदा त्या वर्गात जाऊन बसलं, की सर फळ्यावर तारीख घालत आणि तिच्याखाली ठसठशीत अक्षरात लिहीत, ‘धडा एकविसावा’. पोर चक्रावून शेजारच्याकडे बघायचं. शेजारचंही तेवढंच नवीन असायचं.

कारण अगदी साधं होतं. सरांकडे स्पॅनिशचं एकच पुस्तक होतं आणि ते होतं भाग दुसरा. त्यात धडा एकवीस ते चाळीस. पुठ्ठा तपकिरी, कोपरे झिजलेले, आणि शिवण सरांनी स्वतः दाभणानं घातलेली. पहिल्या वीस धड्यांत त्या मुलखातली पोरं ‘मी’, ‘तू’, ‘घर’, ‘झाड’ असलं काहीबाही शिकत असणार. आमची पोरं सुरुवातच करायची ती बाजारातून मासे आणणाऱ्या बाईच्या गोष्टीपासून. ती बाई कोण, कुठली, तिला मासे का हवेत, हे विचारायला लागणारे शब्द पोरांकडे नसायचे. ते पहिल्या भागात राहिले होते.

कुणी धीर करून मराठीत विचारलंच, “सर, हितं हे असं का झालं?” तर सर शांतपणे सांगत, “ते पहिल्या भागात हाय.”

हे उत्तर पुढे त्यांना इतकं सोयीचं झालं की ते कुठेही द्यायला लागले. “सर, तुम्ही बोटीवर किती वर्षं होता?” ते पहिल्या भागात हाय. “सर, पाय कशानं मोडला?” ते पहिल्या भागात हाय. एकदा स्टाफरूममध्ये आमच्या चित्रकलेच्या बाईंनी जरा लाडात विचारलं, “जगदाळे, लग्न का नाही केलंत हो?” सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, ते पहिल्या भागात हाय.”

मी गणिताचा माणूस. ज्याला बेरीज येत नाही त्याला त्रैराशिक शिकवायचं नाही, असं आमच्यात असतं. त्यामुळे हा प्रकार मला पहिल्या दिवसापासून खुपत होता. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी रहिमतपूरहून इस्लामपूरला या हायस्कुलात लागलो. खोली मिळाली ती नेमकी जगदाळे सरांच्या शेजारी, मध्ये एक कुडाची भिंत. ते शेजारपण नसतं तर हे लिहायला मला काही सुचलं नसतं.

सर मूळचे जवळच्याच खेड्यातले. घरी ऊस, दोन चुलते आणि थोरला भाऊ पलटणीत. सरही भरतीला गेले होते, पण छाती अर्ध्या इंचानं कमी भरली. त्या रागात ते घरी न येता परस्पर मुंबईला गेले आणि मालवाहू बोटीवर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढणारा. गावानं मात्र त्यांना कप्तान करून टाकलं. पलटणीतल्या भावाला सुट्टीवर आल्यावर नुसतं ‘हवालदार’ म्हणत आणि ज्यानं बोटीचा डेक क्वचितच पाहिला त्याला ‘कप्तान’, याचं भावाला शेवटपर्यंत वाईट वाटलं.

बोटीवरची नोकरी सुटल्यावर सरांनी परत शिक्षण धरलं आणि शाळेत कार्यानुभव शिकवायला लागले. म्हणजे खडू पाडणं, फिनेल करणं, मोडक्या बाकांना पाय बसवणं. शनिवारी शाळा सकाळची असायची आणि शेवटचे दोन तास कार्यानुभवाचे. या दोन तासांत सर शाळेच्या मागच्या पत्र्याच्या कामशाळेत नववी-दहावीतल्या दहा-अकरा पोरांना घेऊन बसत आणि स्पॅनिश शिकवत.

हेडमास्तर शेटे साहेबांनी त्यांना एकदा माझ्यासमोरच बोलावून विचारलं होतं.

“जगदाळे, वेळापत्रकात कार्यानुभव आहे. यात कार्य कुठंय आणि अनुभव कुठंय?”

“अनुभव माझा हाय,” सर म्हणाले, “कार्य पोरं करत्यात.”

शेटे साहेब सज्जन माणूस. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “फिनेल मात्र वेळेवर होऊ द्या.”

पोरं वर्गाला का येत? शालन नावाची एक चुणचुणीत मुलगी सोडली, तर बाकीच्यांना भाषेचं फारसं काही पडलेलं नव्हतं. कामशाळेत सावली होती. सर गूळ-शेंगदाणे देत. आणि मारत नसत. त्या काळात एवढ्यावर पोरं लॅटिनसुद्धा शिकली असती.

पण सर नुसती भाषा शिकवत नव्हते. “भाषा म्हंजे नुसतं तोंड,” ते सांगत. “माणूस मागं असतोय.” मागच्या या माणसासाठी अर्धा तास राखून ठेवलेला असे. त्याला ते संस्कृती म्हणत. तिकडचे लोक काय खातात, मढ्यावर कसे रडतात, पाहुण्याला कसं बसवतात. तिकडं काळा घेवडा आणि भात रोज खातात म्हटल्यावर बाजीराव नावाचा एक पैलवान गडी फार हळहळला. “रोज? भाकरी न्हाईच?” तो पुढचे दोन शनिवार उदास होता.

संस्कृतीतला सगळ्यात यशस्वी पाठ दुपारच्या झोपेचा. जेवणानंतर पाठ टेकणं ही तिकडची रीत आहे असं सरांनी सांगितलं, आणि सांगितलेलं करून दाखवायचं हा त्यांचा खाक्या. नेमके त्याच शनिवारी सांगलीहून डेप्युटी साहेब तपासणीला आले. शेटे साहेब त्यांना घेऊन कामशाळेत शिरले, मागून मी. आत अकरा पोरं दप्तरं उशाला घेऊन ओळीनं पसरलेली, आणि रंध्याच्या फळीवर, चष्मा पोटावर ठेवून, जगदाळे सर.

“हे काय चाललंय?” डेप्युटी साहेब म्हणाले.

बाजीरावानं एक डोळा उघडला. “संस्कृती, साहेब.”

शेटे साहेबांनी भिंतीचा आधार घेतला. डेप्युटी साहेब मात्र वयस्कर होते, पहाटेच्या एसटीनं आलेले होते, आणि त्या पत्र्याखाली कडुनिंबाचा बरा वारा येत होता. त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, ‘कार्यानुभवाच्या वर्गातील शांतता वाखाणण्यासारखी.’ तो शेरा मी स्वतः वाचलेला आहे.

सरांच्या वर्गाचा एक नियम मात्र मोडलेला चालत नसे. उन्हातून कुणी आत आलं, मग ते पोर असो, शिपाई असो की मी, तर वर्गानं उठून त्याला आधी बसायला सांगायचं आणि विचारायचं, “या कोमिस्ते?” म्हणजे, जेवलास का? ‘नाही’ म्हटलं तर डबा पुढे करायचा. त्याशिवाय दुसरं अक्षर बोलायचं नाही. मी एकदा हजेरीचा कागद द्यायला गेलो तर अकरा पोरांनी मला स्टुलावर बसवून ठेचा-भाकरी खायला लावली. सर बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, की घास नीट खाली उतरतोय ना.

सकाळची कॉफी आम्ही बरोबर घ्यायचो. सर ती कापडाच्या पिशवीतून गाळत. पिशवी काळीकुट्ट झालेली आणि आकारानं थेट पायमोज्यासारखी, त्यामुळे पहिले आठ दिवस मी माझी कॉफी गुपचूप तुळशीला घातली. नंतर सवय झाली. लहानशा कपात दाट, गोड कॉफी आणि वर सरांचं बोलणं. पण पहिल्या भागाचा विषय काढला की कप खाली ठेवून ते पिशवी धुवायला उठत.

मग एका हिवाळ्यात, कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असताना, आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन जीप घेऊन शाळेच्या दारात हजर झाले. कारखान्यावर नवीन यंत्रं बसवायचा विचार होता आणि त्यासाठी क्युबाहून एक इंजिनिअर यायचा होता. त्याचं इंग्रजी बेताचं आणि चेअरमनांचं त्याहून बेताचं.

“कप्तान,” चेअरमन म्हणाले, “लय वर्सं पोरास्नी शिकीवताय. आता तुमची ती भाषा कारखान्याच्या कामाला येऊ द्या.”

मला वाटलं, सर हरखून जातील. सर पांढरे पडले. एवढंच म्हणाले, “क्युबाचा? नक्की क्युबाचा?” आणि कामशाळेत जाऊन दार लावून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या वेळी ते काही लिहीत होते. लिहायचे, फाडायचे. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मी न राहवून विचारलं, “सर, काय आहे हे?” आणि ‘पहिल्या भागात’ ऐकायची तयारी ठेवली.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मास्तर, तुमी कुनाला येतो म्हणून सांगितलंय आन् परत गेलाच न्हाई, असं झालंय कवा?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची बोट साखर भरायला क्युबातल्या हवाना बंदराला लागली होती. सरांना सुट्टी होती. कुणीही समजूतदार माणूस गावात हिंडायला गेला असता. हा ऊसवाल्याचा मुलगा धक्क्यावर गेला, कारण त्याला बघायचं होतं की यांच्या साखरेचा दाणा आपल्यापेक्षा बारीक की मोठा. फाटक्या पोत्यातून सांडलेली साखर चिमटीत घ्यायला ते वाकले आणि वरून माल चढवणाऱ्या यारीतलं पोतं त्यांच्या पायावर आलं.

“दाना मोठा हुता,” सर म्हणाले. “आपल्यापरास मोठा. तेवडं बगून घेतलं मी.”

बोट निघून गेली. इस्पितळातून सरांना एका म्हातारीच्या घरी ठेवलं, खलाशांना खोल्या देणारी विधवा, दोन्या एल्विरा. सर तिथे सात महिने होते. एकटे, प्लास्टरमध्ये, भाषेचा गंध नाही. म्हातारीचा एकुलता मुलगा खलाशी होता, बोटीवर गेला तो परतलाच नव्हता. त्याच्या शाळेतलं वाचनपुस्तक तिनं जपून ठेवलं होतं, पहिला भाग आणि दुसरा भाग. रोज दुपारी ती सरांना आधी भात-घेवडा वाढायची, मग अर्धा तास झोपायला लावायची, मग उठवून धडा घ्यायची. चुकलं की पाठीत डाव घालायची.

“पहिला भाग माझा सगळा झाला,” सर म्हणाले. “तोंडपाठ हाय अजून. मग बोट आली. निगताना मी म्हटलं, येतो. आपण जातो म्हणत न्हाई, तिला ती रीत मीच सांगितलेली. तर म्हातारी म्हणाली, माझा ल्योकबी येतो म्हणूनच गेला. मग तिनं दुसरा भाग माझ्या हातात दिला आन् पहिला कपाटात ठेवला. म्हणाली, ह्यो माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. दोन्ही एकत्र करायला तरी येशील.”

“मग?”

“मग काय. बोटीचा मार्ग बदलला. पायानं दगा दिला. सुरवातीला पत्रं आली-गेली, मग थांबली. ईस वर्सं झाली बगा.”

मला एकदम काहीतरी लक्षात आलं. “म्हणजे तुम्हाला पहिला भाग पाठ आहे. मग पोरांना का नाही शिकवत?”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फारच अडाणी प्रश्न विचारलाय. “आवं, त्यो तिच्याकडं हाय न्हवं,” ते म्हणाले.

एका म्हाताऱ्या बाईकडे गहाण पडलेल्या वीस धड्यांपायी हा माणूस दरवर्षी पोरांना मधूनच शिकवत होता. मी गणिताचा माणूस आहे, पण त्या दिवशी मला हिशेब न जुळण्याचं काही वाटलं नाही. त्यांनी पाहुण्याबरोबर पाठवायला पत्र लिहिलं होतं, हवानाचा पत्ता घालून. म्हातारी आहे का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. पोरांच्या तयारीपेक्षा आणि चेअरमनांच्या यंत्रांपेक्षा, खरं तर, सगळा जीव त्या पाकिटात अडकला होता.

मार्चमध्ये पाहुणा आला. रामोन नावाचा, तिशीतला, किडकिडीत इंजिनिअर. कारखान्याच्या गेटवर केळीचे खांब, हलगी, नारळ, सगळं झालं. त्याच्या गळ्यात इतके हार पडले की त्याला खालची पायरी दिसेना. ऊन मी म्हणत होतं. आमची अकरा पोरं पांढऱ्या गणवेशात मांडवाच्या दाराशी उभी होती आणि सरांनी फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं की रोज करता तेच करा.

रामोन आत शिरला. शालन पुढे झाली, त्याचा हात धरला आणि घडाघडा स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. मला नंतर सरांनी त्याचा अर्थ सांगितला: ये बाळा, उन्हातून आलास, डोक्यावर काही घ्यायला काय झालं होतं, आधी बस, पायातलं काढ, वाळला आहेस नुसता. आणि मग सगळ्या पोरांनी एका सुरात विचारलं, “या कोमिस्ते?”

रामोन जागच्या जागी थांबला. आधी तो मोठ्यानं हसला, हसता हसता खुर्चीवर बसला, आणि मग हारांमध्ये तोंड घालून त्यानं डोळे पुसले. तो सरांना जे म्हणाला ते असं होतं: ही सगळी पोरं माझ्या आजीसारखी बोलतात. शब्द, हेल, ती ‘बाळा’ म्हणायची तऱ्हा, सगळं जुन्या हवानातल्या म्हाताऱ्या बायकांचं. आता असं तिकडं कुणी बोलत नाही.

नवी स्पॅनिश ती कुणाला येणार? अकरा पोरं आणि त्यांचे सर, सगळे एकाच म्हातारीच्या हाताखाली तयार झाले होते. आमचा सहा फुटी बाजीरावसुद्धा सत्तरीच्या विधवेसारखा बोलत होता, हे आम्हाला इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

दुभाषी म्हणून सरांची कामगिरी संमिश्र झाली. बॉयलरपाशी ते राजासारखे फिरले. आगीचं, वाफेचं, कोळशाचं त्यांना सगळं येत होतं. पण सभेत चेअरमन सहकारावर वीस मिनिटं बोलले, सरांनी ते मान डोलवत ऐकून घेतलं आणि एका वाक्यात भाषांतर केलं. पाहुणा लगेच उठून हात धुवायला निघाला. सहकाराला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते म्हातारीनं शिकवलंच नव्हतं, त्यामुळे सरांनी जेवण तयार आहे असं सांगितलं होतं.

निघताना सरांनी ते पाकीट रामोनच्या हातात दिलं. रामोननं पत्ता वाचला, पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि सरांना मिठी मारली. जीप दिसेनाशी होईपर्यंत सर फाटकात उभे होते.

मग वाट बघणं. सर ती बघत नसल्याचं सोंग फार वाईट करत. पोस्टमन पलीकडच्या आळीत असला तरी इकडे त्यांची कॉफी उतू जाई. उन्हाळा गेला, शाळा सुरू झाली, शालन आणि बाजीराव दहावीत गेले, नव्या नववीनं एकविसाव्या धड्यातल्या मासेवाल्या बाईशी झटापट सुरू केली.

दिवाळीच्या आधी, एका शुक्रवारी, मधल्या सुट्टीत पोस्टमन स्टाफरूममध्ये पार्सल घेऊन आला. चौकोनी, दोरीनं बांधलेलं, वर कसकसले शिक्के. सरांनी ते दोन्ही हातांत धरलं. वजनावरूनच त्यांना कळलं असावं. आम्ही सगळे भोवती जमलो. शेटे साहेब म्हणाले, “सोडा की!” सर सोडेनात. शेवटी चित्रकलेच्या बाईंनी दोरी कापली आणि कागदातून तपकिरी पुठ्ठ्याचं पुस्तक बाहेर आलं. भाग पहिला.

“वा! कप्तान, पूर्ण झाला की तुमचा संच!” कुणीतरी टाळी वाजवली. शेटे साहेबांनी चहा मागवला. बाहेरून पोरं खिडकीत चढली होती, त्यांच्यातही गलका झाला.

मी सरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिनं तो भाग का ठेवून घेतला होता, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं. म्हातारी असती तर तिनं ते पुस्तक पाठवलं नसतं.

आत रामोनची चिठ्ठी होती. सरांनी ती वाचून घडी घातली. मला संध्याकाळी एवढंच सांगितलं की म्हातारी चार वर्षांपूर्वीच गेली. पुस्तक शेजारणीकडे देऊन ठेवलं होतं, लंगडा हिंदू, म्हणजे हिंदुस्थानी, येईल त्याला द्या म्हणून. शेजारीण ते द्यायला तयार नव्हती, कारण माणूस स्वतः आला नव्हता. रामोनला दोनदा खेपा घालाव्या लागल्या.

“चार वर्सं,” सर म्हणाले. “आन् मी हितं मनाला सांगतोय, त्यो तिच्याकडं हाय, त्यो तिच्याकडं हाय.”

मी कॉफी केली, त्यांच्याच पिशवीतून गाळली. त्यांनी ती घेतली नाही.

शनिवारी वर्ग होणार नाही असंच मी धरून चाललो होतो. तरी शेवटच्या दोन तासांना माझे पाय आपोआप कामशाळेकडे वळले. पोरं बसलेली होती. सरांनी स्टाफरूममधून निघायला उशीर केला होता. मग पटांगणातून, भर उन्हात, डोक्यावर काही न घेता, लंगडत ते येताना दिसले. काखेत दोन्ही पुस्तकं. दारात येऊन ते उभे राहिले.

पोरांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. शालन उठली. वर्गाचा नियम होता आणि माणूस उन्हातून आला होता. तिनं स्टूल पुढे सरकवलं, सरांचा हात धरून त्यांना बसवलं, डोकं का झाकलं नाहीस म्हणून म्हातारीच्या त्या हेलात दटावलं, आणि विचारलं, “या कोमिस्ते?”

इतकी वर्षं हा प्रश्न सरांनी सगळ्या जगाला विचारायला लावला होता. त्यांना तो त्या खोलीत कुणी विचारलेला मी पाहिला नव्हता.

“नो,” सर म्हणाले. आणि चष्मा काढून रडायला लागले, अगदी लहान पोरासारखे, आवाज करून. कुणी हसलं नाही. बाजीरावानं आपला डबा उघडून पुढे धरला. सरांनी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं हे मला माहीत होतं. त्यांनी भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, दुसऱ्या डब्यातली उसळ खाल्ली, आणि पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, की घास नीट खाली उतरतोय ना.

मग त्यांनी हात धुतले आणि फळ्यावर लिहिलं, ‘धडा पहिला’. पुस्तक त्यांनी उघडलंच नाही. पहिला धडा आईचा होता. ही माझी आई, आई मला वाढते, एवढंच. दहावीतली पोरं, ज्यांना मासेवाल्या बाईची सगळी हकिगत तोंडपाठ होती, ती दीड वर्षानंतर पहिल्यांदा ‘मी’ आणि ‘माझी’ म्हणायला शिकली. मीही मागच्या बाकावर बसून शिकलो.

पुढच्या मे महिन्यात संस्थेनं माझी साताऱ्याला बदली केली. सामान एसटीच्या टपावर चढलं. सर स्टँडवर आले होते. गाडी सुटायला आली तेव्हा त्यांनी पिशवीतून दाभणानं शिवलेला तो दुसरा भाग काढला आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला.

“अहो सर, हे कशाला? पोरांना काय शिकवाल?”

“पहिला हाय की माझ्याजवळ. वीस धडे हायती. दिवाळीपतूर सरत्याल.” मग जरा खाली बघून म्हणाले, “पुढचं तुमाला आनून द्यावं लागंल, मास्तर.”

कंडक्टरनं घंटी दिली. मी ‘येतो’ म्हणालो. त्या शब्दाचं वजन मला त्या दिवशी समजलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावरच्या पहिल्याच शनिवारी मी दुसरा भाग पिशवीत घालून, कराडला गाडी बदलून इस्लामपूरला गेलो. पटांगणात ऊन होतं. कामशाळेच्या दारात पोचायच्या आत आतून नव्या नववीनं एका सुरात विचारलं, “या कोमिस्ते?” आणि पाठोपाठ सर स्वतः स्टूल घेऊन बाहेर आले.

मी साताऱ्यात घरून जेवून निघालो होतो. तरी ‘नो’ म्हणालो.